गच्चीवरच्या तारेवर डीएक्स कॉन्टेस्ट

ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला, शनिवारी पहाटे बरोबर साडेपाचला, म्हणजे यूटीसीच्या, जागतिक प्रमाण वेळेच्या, हिशोबाने रात्रीचे बारा, जगभरातले हजारो हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकदम रेडिओवर तुटून पडतात आणि पुढचे ४८ तास एकच काम, जमतील तेवढ्या देशांतल्या जमतील तेवढ्या स्टेशनांशी बोलायचं. ही सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स कॉन्टेस्ट. ऑक्टोबरची बोलण्याची, म्हणजे एसएसबीची, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला हीच परत मोर्सवर, सीडब्ल्यूची. डीएक्स म्हणजे लांबचं स्टेशन, बाकी काही नाही. मध्ये इंटरनेट नाही, सॅटेलाइट नाही, तुमच्या रेडिओतून निघालेली लहर वर आयनोस्फिअरवर, वातावरणाच्या विद्युतभारित थरावर, आपटून खाली येते, परत वर जाते, अशा उड्या मारत जपानला नाहीतर जर्मनीला पोचते.

आता प्रत्येक नवीन हॅमचा प्रश्न ठरलेला असतो, की बाबा आपल्याकडे टॉवर नाही, फिरणारी यागी (एका दिशेला जोर लावणारी अँटेना) नाही, सोसायटीची गच्ची आणि थोडी वायर एवढंच आहे, मग या कॉन्टेस्टमध्ये आपलं काय काम? मी पण बरीच वर्षं असंच म्हणत लांब बसलो. मग एकदा सहज दोन तास बसलो आणि कळलं की आपण हिशोबच चुकीचा करत होतो. तो हिशोब काय ते सांगतो, कारण एकदा तो डोक्यात बसला की बाकी सगळं त्याच्या मागे येतं.

दोन स्टेशनांमधला संपर्क दोघांच्या अँटेनांवर मिळून ठरतो. अँटेना पाठवताना जेवढी मदत करते तेवढीच ऐकतानाही करते, त्यामुळे समोरच्याने ४० मीटर उंच टॉवरवर चार मोठ्या यागी चढवल्या असतील तर त्याचा आवाज तुमच्याकडे जोरात येतोच, पण तुमचा बारीक आवाजही त्याला जास्त ऐकू येतो. म्हणजे रस्त्यातली अर्धी अँटेना समोरच्याने स्वतःच्या पैशाने उभी करून ठेवलीये, तुम्ही फक्त उरलेली अर्धी लावायची. दोन साधे डायपोलवाले, म्हणजे नुसत्या तारेच्या अँटेनावाले, एकमेकांना शोधत बसले तर खरंच अवघड जातं, पण कॉन्टेस्टच्या वीकेंडला युरोपातले, जपानमधले, अमेरिकेतले सगळे मोठे राक्षस एकाच वेळी जागे असतात आणि कान टवकारून बसलेले असतात. साध्या अँटेनावाल्यासाठी वर्षातला सगळ्यात सोपा दिवस तोच, अवघड नाही.

पॉवरचंही तसंच. लो पॉवर कॅटेगरीत १०० वॅटची मर्यादा असते, हाय पॉवरवाले १५०० वॅटपर्यंत जाऊ शकतात, ऐकायला १५ पट वाटतं आणि आपण तिथेच खचतो. पण रेडिओवर १५ पट म्हणजे जेमतेम १२ डेसिबल, आणि रिसिव्हरच्या, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर एक घर म्हणजे ६ डेसिबल धरतात, म्हणजे फरक पडला दोन घरांचा. समोरचा तुम्हाला एस-७ ऐवजी एस-५ वर ऐकेल, बस. विश्वास बसत नसेल तर १४.१०० मेगाहर्ट्झवर जा. तिथे जगभर पसरलेले बीकन, म्हणजे आपोआप सिग्नल पाठवणारी स्टेशनं, तीन-तीन मिनिटांच्या चक्रात आळीपाळीने दहा-दहा सेकंद वाजतात, आधी मोर्समध्ये कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) आणि मग चार लांब डॅश, पहिला १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा आणि चौथा वॅटच्या दहाव्या हिश्श्याचा. कोलंबोचा बीकन तर आपल्याकडे छान येतो. बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, उघडा असेल तेव्हा एक वॅटचा डॅश स्पष्ट ऐकू येतो आणि माणूस जरा गप्प होतो. बँड बंद असेल तर १०० वॅटचाही येत नाही. म्हणजे खरा मालक आयनोस्फिअर आहे, तुमचा पॉवर वाढवणारा लिनिअर ॲम्प्लिफायर नाही.

बरं, अँटेना. साधी म्हणजे माझ्या डोक्यात पहिली येते ती डायपोल, दोन समान तुकडे वायरचे, मधोमध कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) जोडलेली. लांबीचा हिशोब पोरालाही जमेल, १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. २० मीटर बँडला (बँडांची नावं लहरीच्या लांबीवरून), १४.२ धरलं तर १० मीटर आणि थोडं, म्हणजे पाच-पाच मीटरच्या दोन बाजू. १५ मीटरला ६.७ मीटर, १० मीटरला ५ मीटर, आणि ४० मीटर बँडला २० मीटर. वायर कुठली? इलेक्ट्रिकच्या दुकानात घरातल्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची मिळते ती झकास चालते, फक्त तिच्यावर पीव्हीसी असल्यामुळे हिशोबापेक्षा दोन-चार टक्के आखूड करावी लागते. म्हणून आधी लांबच कापायची, प्रत्येक बाजूला वीतभर जास्त, वर चढवायची, एसडब्ल्यूआर, म्हणजे किती पॉवर परत फिरते त्याचं माप, बघायचा, खाली उतरवून टोकं दुमडायची, परत चढवायची. कापू नका हो, दुमडा, कापलेली वायर परत वाढत नाही हे मी तीन वेळा शिकलोय. मधल्या जोडाला प्लंबरकडचा अर्ध्या इंची पीव्हीसी टी, टोकांना त्याच पाइपचे चार-चार इंचाचे तुकडे भोकं पाडून, आणि ओढायला नायलॉनची दोरी. सुतळी नको, पहिल्याच पावसात कुजते.

एका बँडची एक डायपोल झाली की मग लोभ सुटतो, तर त्याचं उत्तर फॅन डायपोल. एकाच मधल्या जोडातून २०, १५ आणि १० च्या तीन जोड्या काढायच्या, टोकाकडे एकमेकींपासून हातभर तरी लांब पसरायच्या. ज्या बँडवर तुम्ही बोलता त्या बँडची जोडी करंट घेते, बाकीच्या बऱ्यापैकी गप्प बसतात. ट्यून करताना मात्र त्या एकमेकींत लुडबुड करतात, एक दुमडली की दुसरी सरकते, त्यामुळे सगळ्यात लांब आधी जमवून मग छोट्यांकडे या आणि एक अख्खा रविवार हाताशी ठेवा. जागा असेल तर ४० ची २० मीटर लांब डायपोल वेगळी टाका, ती तिप्पट फ्रिक्वेन्सीवर म्हणजे १५ मीटरच्या आसपासही चालते, जरा वर सरकते पण रेडिओतला ट्यूनर सांभाळून घेतो. आणि एकाच टोकातून फीड करायची वायर हवी असेल, म्हणजे एक टोक खिडकीत आणि दुसरं समोरच्या झाडावर, तर २० मीटर वायर आणि ४९ ला १ चा फेराइट ट्रान्सफॉर्मर, ४०, २०, १५, १० चारी बँड मिळतात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची ही लाडकी.

उंचीवर मात्र तडजोड करू नका, पैसे नसले तरी बांबू असतो. डायपोल जमिनीपासून अर्धी वेव्हलेंग्थ उंच असेल, २० मीटर बँडला म्हणजे साधारण साडेदहा मीटर, तर तिचा जोर क्षितिजापासून ३० अंशावर निघतो. पूर्ण वेव्हलेंग्थ उंच असेल तर १५ अंशाच्या जवळ. आणि डोक्याएवढ्या उंचीवर बांधली तर जवळपास सगळं सरळ वर आकाशात जातं, मग तुम्हाला नाशिक-नागपूर मस्त मिळतं आणि जपान मिळत नाही. लांब जायचं तर लहर कमी कोनात निघायला हवी, म्हणजे एका उडीत जास्त अंतर कापते. आयनोस्फिअरचा एफ-२ थर साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर असतो, कमी कोनाने गेलं तर एक उडी तीन-चार हजार किलोमीटरची पडते, जास्त कोनाने गेलं तर हजाराच्या आतबाहेर, आणि प्रत्येक आपटीला थोडी ताकद जाते. त्यामुळे चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवर लिफ्टरूम ते पाण्याची टाकी अशी तार बांधलेला माणूस गरीब नाहीये, त्याला फुकटात टॉवर मिळालाय. स्लॅबमधलं लोखंड थोडा घोळ घालतं, पण तक्रार करण्याएवढा नाही.

आता दिशा, आणि इथे आपल्या भागात बसून जरा ग्लोब हातात घ्यायला हवा, सपाट नकाशा फसवतो. डायपोल तारेच्या दोन्ही अंगांना काटकोनात जास्त फेकते आणि टोकांकडे कमी. मुंबईवरून लंडन साधारण ३१८ अंशावर, म्हणजे वायव्येला. सिडनी त्याच्या जवळजवळ उलट बाजूला आग्नेयेला. म्हणजे तार ईशान्य-नैऋत्य अशी बांधली की एका अंगाला अख्खा युरोप आणि दुसऱ्या अंगाला इंडोनेशिया-ऑस्ट्रेलिया, एका तारेत दोन शिकार. अमेरिकेचा ईस्ट कोस्टही वायव्येपेक्षा थोडा उत्तरेकडे आहे, तोही बऱ्यापैकी येतो. तोटा असा की जपान बरोबर टोकाच्या दिशेला पडतो आणि पूर्व आफ्रिका दुसऱ्या टोकाला. मधला खांब उंच करून दोन्ही बाजू खाली उतरवल्या, म्हणजे उलटा व्ही केला, तर टोकांकडचा खड्डा जरा बुजतो, आणि जपानी लोकांचे कान आणि टॉवर दोन्ही मोठे आहेत, ते काढतात ऐकून. कॅलिफोर्निया मात्र आपल्यासाठी जगातलं सगळ्यात हट्टी ठिकाण, रस्ता सरळ उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि सूर्यावर जरा गडबड झाली की ध्रुवाकडचा रस्ता पहिला बंद पडतो.

व्हर्टिकलबद्दल दोन शब्द, कारण कोकणातले आणि गोव्यातले लोक वाचत असतील. पाच मीटर वायर फिशिंग रॉडला गुंडाळून सरळ उभी केली आणि खाली पाच-पाच मीटरचे चार रेडियल, म्हणजे खालच्या आडव्या तारा, पसरले की २० मीटरची व्हर्टिकल तयार. ती स्वभावतःच कमी कोनात फेकते, पण साध्या कोरड्या जमिनीवर बरीच ताकद मातीत जाते, म्हणून गच्चीवर मला ती डायपोलच्या खालीच वाटली. पण खाऱ्या पाण्याच्या काठावर गोष्टच वेगळी. समुद्राचं पाणी जमिनीपेक्षा साधारण हजार पट चांगलं वीजवाहक, त्यामुळे अगदी क्षितिजाला टेकलेली लहरसुद्धा जिवंत निघते. १९९० च्या दशकाच्या शेवटी टीम व्हर्टिकल नावाचा एक अमेरिकन ग्रुप जमैकाच्या किनाऱ्यावर नुसत्या व्हर्टिकल घेऊन गेला आणि टॉवरवाल्यांच्या तोडीस तोड खेळला. ज्याचं गावचं घर भरतीच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि अंगणातून पश्चिमेला सगळा समुद्र आहे त्याने टॉवरचे स्वप्न बघणं म्हणजे निव्वळ काखेत कळसा. फक्त लायसन्सवर स्टेशनचा पत्ता असतो, तेव्हा पुण्याचं स्टेशन उचलून गावी न्यायचं तर आधी नियम बघा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कोॲक्स. बारीक आरजी-५८ चे ३० मीटर टाकले तर १० मीटर बँडवर तुमच्या १०० वॅटपैकी चाळीसहून जास्त केबल गरम करण्यात जातात. आरजी-२१३ जाड आणि महाग आहे पण अँटेना तीस फूट उंच करण्यापेक्षा स्वस्त. आणि पाणी! एका वर्षी परतीच्या पावसानंतर मी रेडिओ लावला, एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर असा सुंदर की मी खूश, १.२, १.३, आयुष्यात कधी एवढा आला नव्हता, आणि कोणी ऐकेना. दोन तास ओरडून चार स्टेशन. नंतर कळलं की वरच्या कनेक्टरची टेप सुटली होती आणि कोॲक्समध्ये पाणी शिरून वेणी हिरवी पडली होती. केबल सगळी पॉवर गिळत होती, अँटेनापर्यंत थोडीच जात होती, परत येताना आणखी थोडी, म्हणून मीटरला वाटत होतं सगळं आलबेल. एसडब्ल्यूआर कमी असणं म्हणजे अँटेना चांगली असणं नव्हे. डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या नुसत्या रेझिस्टरचा, एसडब्ल्यूआर एकदम परफेक्ट असतो आणि तो शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही.

बरं, हे झालं बाहेर पाठवायचं. साध्या अँटेनावाल्याचा खरा शत्रू येणारा गोंगाट आहे. एलईडी बल्बचे ड्रायव्हर, सोलर इन्व्हर्टर, लिफ्टचा ड्राइव्ह, मोबाइलचे स्वस्तातले चार्जर, सगळे एचएफवर, म्हणजे आपल्या याच बँडांवर, भुणभुणतात. आणि त्यात ऑक्टोबर, म्हणजे दिवाळी! २०१६ आणि २०१९ ला तर लक्ष्मीपूजन नेमकं कॉन्टेस्टच्या रविवारी आलं होतं, बिल्डिंगच्या प्रत्येक बाल्कनीत लखलखत्या माळा आणि माझ्या एस-मीटरचा काटा काहीही न ऐकता एस-८ वर चिकटलेला. शेजाऱ्यांना काय सांगणार, माळा बंद करा मला स्लोव्हेनिया ऐकायचाय? पण स्वतःच्या घरातला आवाज तरी काढता येतो. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच पाडा, ऐका, मग एकेक एमसीबी वर करत जा आणि काटा कधी उडतो बघा. आमच्याकडे आरोपी निघाला फिश टँकचा दिवा. त्याला दोन दिवस सुट्टी दिली, माशांची काही तक्रार आली नाही.

आता स्कोअर, कारण इथेच साधा माणूस हुशारीने मोठ्याच्या जवळ जातो. प्रत्येक संपर्काला पॉइंट असतात, दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, स्वतःच्या देशाला ०. मग मल्टिप्लायर, प्रत्येक बँडवर नवीन देश एक आणि नवीन झोन एक. जगाचे ४० झोन पाडलेत, भारत २२ मध्ये. शेवटी सगळ्या पॉइंटची बेरीज गुणिले सगळ्या मल्टिप्लायरची बेरीज. बेरीज नाही हो, गुणाकार, हे लक्षात घ्या.

समजा तुमचे ३०० संपर्क झाले, २४० दुसऱ्या खंडातले आणि ६० आशियातले, तर पॉइंट ७८०. आणि ५५ झोन अधिक ११० देश मिळून १६५ मल्टिप्लायर, तर स्कोअर १,२८,७००. आता पुढचा संपर्क जर आधीच मिळालेल्या जर्मनीचा असेल तर ३ पॉइंट वाढले, स्कोअर ४९५ ने वर. पण तोच जर नवीन देश आणि नवीन झोन असेल तर स्कोअर २,०६१ ने वर, म्हणजे चार जर्मनीबरोबर एक. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. भारतातल्या स्टेशनला पॉइंट शून्य, म्हणून आपले बरेच लोक एकमेकांना उत्तरच देत नाहीत. पण त्या बँडवर पहिलाच व्हीयू, म्हणजे भारतीय कॉलसाइन, असेल तर भारत हा देश एक आणि झोन २२ एक असे दोन मल्टिप्लायर मिळतात, आणि वरच्या हिशोबात तो शून्य पॉइंटचा माणूस तुम्हाला १,५६० देऊन जातो! शेजारच्या गावचा मित्र, दहा सेकंदांचं काम, आणि आपण चिलीच्या मागे तासभर घसा फोडतोय.

म्हणून साध्या अँटेनाने कधी, कुठे आणि कोणाला हाक मारायची हाच खेळ. वेळापत्रक डोक्यात ठेवा, हे आपल्याकडचं, सूर्य बऱ्यापैकी तापलेला असेल त्या वर्षांचं. पहाटे साडेपाचला अजून अंधार असतो, ४० मीटरवर युरोप आणि पश्चिमेचं जग, सूर्य उगवता उगवता तिथे काही मिनिटं कमाल चालते आणि मग दिवसाच्या उजेडात आयनोस्फिअरचा खालचा डी थर ती लहर गिळायला लागतो. मग २० वर अमेरिकेच्या ईस्ट कोस्टचा एखादा झरोका. सकाळी आठनंतर १५ आणि १० वर जपान, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं. दुपारी एकच्या पुढे युरोप जागा होतो आणि १० व १५ वर जी गर्दी उसळते ती अंधार पडेपर्यंत, मग २०, आणि रात्री नऊनंतर परत ४०. झोपायचं कधी? रात्री दोन ते पाच, आणि अलार्म दोन लावा. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रात डाग कमी असतात तेव्हा १० मीटर दिवसेंदिवस मुकं राहतं आणि सगळा संसार २० आणि ४० वर येतो. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ ला सुरू झालं आणि २०२४ मध्ये चांगलंच पेटलं, त्या दिवसांत १० मीटरवर ओली काडी पण पेटत होती.

हाक मारायच्या दोन पद्धती. एक, बँडभर फिरत जो सीक्यू, म्हणजे "कोणीही या" अशी हाक, देतोय त्याला उत्तर द्यायचं. दुसरी, एका फ्रिक्वेन्सीवर ठाण मांडून स्वतः सीक्यू द्यायचा, याला रन म्हणतात. पुस्तकी सल्ला असा की छोट्या स्टेशनने फिरतच राहावं. मला हा सल्ला भारतासाठी अर्धाच पटतो. आपण युरोपवाल्यासाठी मल्टिप्लायर आहोत राव! बेल्जियमचा १०० वॅट डायपोलवाला सीक्यू देत बसला तर त्याला कोण विचारतो, पण व्हिक्टर युनिफॉर्म, म्हणजे व्हीयू, ऐकलं की लोकांचे हात डायलवर थांबतात. दुपारी तीनच्या सुमारास १५ किंवा १० वर, बँडच्या वरच्या टोकाला जिथे गर्दी विरळ असते तिथे, एक रिकामी जागा शोधा, "फ्रिक्वेन्सी बिझी आहे का" दोनदा विचारा आणि सुरू करा. दहा मिनिटं कोणी नाही, मग एक इटालियन, मग कोणीतरी तुम्हाला क्लस्टरवर, म्हणजे कोण कुठे ऐकू येतंय त्या ऑनलाइन यादीवर, टाकतो आणि अचानक भिंत कोसळते. पाच-सात जण एकदम, सगळ्यांचे कॉलसाइन एकमेकांत कालवलेले, आणि तोंडात नेमकी चकली. घाबरायचं नाही. जे दोन अक्षर कळले ते म्हणायचे, "लिमा झुलू, फाइव्ह नाइन टू टू" (टू टू म्हणजे आपला झोन २२), बाकीचे गप्प बसतात, बसले नाहीत तरी त्यालाच धरून राहायचं. आणि हो, रिपोर्ट कायम फाइव्ह नाइन, म्हणजे दणदणीत ऐकू येतंय. समोरच्याला तुमचा कॉल चार वेळा विचारावा लागला तरी फाइव्ह नाइन, या विनोदावर हॅम लोक वर्षानुवर्षं हसतायत.

उलट बाजूला, तुम्ही दुसऱ्याच्या पाइल-अपमध्ये, म्हणजे एकाच स्टेशनला हाक मारणाऱ्यांच्या गर्दीत, असाल तर विसर्जनाची मिरवणूक आठवा. तुम्ही टाळ घेऊन उभे आहात आणि भोवती चार ढोलपथकं. ढोल चालू असताना टाळ कितीही आपटा, काही उपयोग नाही, दोन ठोक्यांमध्ये जी फट पडते तिथे एकदा, नीट, पूर्ण वाजवायचा. सगळे कॉल देऊन थांबले की त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात तुमचा पूर्ण कॉलसाइन एकदाच. अर्धा कॉल नको, दोनदा नको. मी एका रविवारी सकाळी पॅसिफिकच्या एका बेटाला असा पकडला, आधी तब्बल वीस मिनिटं नुसता ऐकत बसलो की तो कोणाला घेतोय, तर तो जपानी भिंतीतल्या पहिल्याला न घेता शेपटीला उरलेल्याला घेत होता. मग तीन प्रयत्नांत झालं. तोवर शनिवारी संध्याकाळी त्याच्यावर घालवलेला पाऊण तास वाया गेलेलाच होता म्हणा. आता माझा नियम असा, की चार-पाच हाकांत नाही झालं तर फ्रिक्वेन्सी लिहून ठेवायची आणि पुढे, दोन तासांनी परत यायचं.

आणि रविवार सोडू नका. शनिवारी मोठ्या स्टेशनांना मोठ्या स्टेशनांशी बोलायचं असतं, तुमच्याकडे लक्षच नसतं. रविवारी दुपारपर्यंत सगळे राक्षस एकमेकांशी सगळ्या बँडवर बोलून संपलेले असतात, एका बँडवर एका स्टेशनशी एकदाच बोललेलं मोजतात, आणि मग त्यांचे सीक्यू रिकामे जायला लागतात. तेव्हा बारीक, कुजबुजता, नवीन कॉलसाइन त्यांना सोन्यासारखा. माझे निम्मे चांगले मल्टिप्लायर रविवारी जेवणानंतरचे आहेत, जेव्हा घरात सगळे आडवे झालेले असतात.

मोर्स येत असेल तर नोव्हेंबरची जास्त खेळा. आवाजाच्या सिग्नलला साधारण २.४ किलोहर्ट्झ रुंदी लागते, मोर्सला ५०० हर्ट्झचा फिल्टर लावला तरी खूप, म्हणजे तुमची सगळी ताकद चिंचोळ्या जागेत आणि त्या मानाने गोंगाट कमी. १०० वॅटचा सीडब्ल्यू जिथे पोचतो तिथे एसएसबी धापा टाकतो. शिवाय रिव्हर्स बीकन नेटवर्क नावाची फुकट सोय आहे, जगभरचे रिसिव्हर आपोआप मोर्स वाचून कोण कुठे किती जोरात ऐकू येतोय ते टाकतात, त्यामुळे सीक्यू दिल्यावर मिनिटभरात कळतं की तार आज कुठवर पोचतेय. अँटेना बदलून बघायला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा नाही.

लॉग कॉम्प्युटरवरच ठेवा, एन-वन-एमएम सारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, आधी बोललेलं स्टेशन आणि नवीन मल्टिप्लायर लगेच दाखवतं. कॉन्टेस्ट संपल्यापासून पाच दिवसांत लॉग पाठवायचा असतो, ५० संपर्क असले तरी पाठवा. तुमचा लॉग आणि समोरच्याचा लॉग जुळवून बघतात, कॉलसाइनमधलं एक अक्षर चुकलं तरी तो संपर्क जातो आणि वर दंड म्हणून पॉइंट कापतात, तेव्हा खात्री नसेल तर लाज न बाळगता परत विचारा. मी पहिल्या वर्षी पाच मिळवले आणि वाटेत दोन गमावले अशा चालीने खेळलो, घाईत बी आणि डी, ई आणि टी असे गोंधळ.

सोसायटीचं राहिलंच. आधी सांगून टाका. आमच्याकडे सेक्रेटरी काकांना वाटलं होतं की टीव्हीचे सिग्नल जातील आणि विजा पडतील, त्यांना गच्चीवर नेऊन तार दाखवली, हेडफोन कानाला लावून एक जपानी ऐकवला, तेव्हापासून ते स्वतःच विचारतात काय, यंदा कुठला देश. एक गोष्ट मात्र मस्करीची नाही. गच्चीजवळून विजेची लाइन जात असेल तर त्या बाजूला वायर फेकायचीच नाही, दोरीसुद्धा नाही. आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की कोॲक्स रेडिओतून काढून बाहेर, कॉन्टेस्ट गेली खड्ड्यात.

सोमवारी पहाटे साडेपाचला बँड असा काही शांत होतो की कानात वाजत राहतं. अंघोळ, चहा, ऑफिस. गच्चीवरच्या दोऱ्या मात्र लगेच सोडू नका, चार-पाच आठवड्यांवर सीडब्ल्यू आलंय.